राजीखुशी

अनघाताईंना कोणावर ओरडताना मी तीन वर्षांत एकदाही ऐकलं नाही. ओरडल्या असत्या तर फार बरं झालं असतं. ओरडणाऱ्या साहेबाला घरी जाऊन शिव्या तरी घालता येतात. अनघाताईंना शिव्या घालायला बसावं, तर तोंडात त्यांनीच दिलेला शेंगदाण्याचा लाडू असायचा.

त्या आमच्या बनारसच्या ऑफिसच्या प्रमुख होत्या. आमची कंपनी दुकानदारांना, नावाड्यांना, फुलवाल्यांना मोबाईलवरून पैसे घेण्याचा फलक देते आणि त्याच्यासोबत एक बोलका डबा. गिऱ्हाईकाने फोनवरून पैसे भरले की डबा मोठ्यांदा सांगतो, अमुक रुपये मिळाले. ऑफिस मैदागिनला, एका कापडदुकानाच्या माडीवर. मी मूळचा सोलापूरचा. कर्मचाऱ्यांचे कागद, रजा, विमा, नेमणुका आणि गच्छंत्या हे माझं खातं. शेवटचा शब्द मुद्दाम लिहिला. मी या हकिगतीत बराच वेळ कोपऱ्यात उभा दिसेन, पण कोपऱ्यात उभं राहूनही हात घाण होतात.

ताई पुण्याच्या. पन्नाशीला आलेल्या, कडक इस्त्रीची सुती साडी, कपाळावर बारीक टिकली, पायांत अजिबात न वाजणारी चप्पल. त्या चपलेने आमचे फार हाल केले. दोघं जण त्यांच्याविषयी कुजबुजत असले की पाठीमागून आवाज यायचा, "काय रे बाळा?" त्या सगळ्यांनाच बाळा म्हणत. मला बाळा, फोनवर बसणाऱ्या पूनमला बाळा, दारावरच्या साठी उलटलेल्या यादवजींनाही बाळा. यादवजींना मराठी येत नव्हती. मॅडम काहीतरी मागतायत असं वाटून ते प्रत्येक वेळी पाण्याचा ग्लास घेऊन धावत यायचे, आणि ताई तहान नसताना तो पिऊन टाकायच्या. कोणाचं मन मोडायचं नाही, असा त्यांचा नेमच होता.

त्या आल्या तेव्हा ऑफिसची अवस्था वाईट होती. माणसं टिकत नव्हती, डबे खपत नव्हते, मुंबईहून रोज फोन. "माणूस खूश तर धंदा खूश," हे ताईंचं पहिल्या दिवसाचं वाक्य, आणि ते त्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत सोडलं नाही. सकाळी फोनवर हजेरी लावताना पाच चेहरे समोर यायला लागले, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, आणि वर प्रश्न: आज कसं वाटतंय? एक चेहरा दाबल्याशिवाय हजेरी लागायची नाही.

पहिल्या आठवड्यात भाबड्या लोकांनी खरंखरं दाबलं. ज्याने रडका दाबला त्याला ताई केबिनमध्ये बोलावत, दार लावत, लाडवांचा डबा पुढे करत. "बोल. मोकळा हो." माणूस मोकळा व्हायचा, आणि त्यानंतर त्याचं काम बदलायचं. उन्हाचा त्रास होतो म्हणणाऱ्याला फिरतीला गंगेपार रामनगरच्या पलीकडची गावं मिळाली, कारण "सवयीने सगळं सोसतं बाळा". घरी तान्हं मूल आहे म्हणणारीला रविवारची पाळी मिळाली, कारण "रविवारी यजमान घरी असतात ना, तेवढाच त्यांना मुलाचा लळा लागेल". प्रत्येक शिक्षेमागे कारण मायेचं. तीन महिन्यांत आमच्या ऑफिसात हसऱ्याखेरीज दुसरा चेहरा कोणी दाबेनासं झालं. मुंबईहून सर्वांत आनंदी शाखा म्हणून एक ढाल आली. ताईंनी सगळ्यांना लौंगलता, म्हणजे इथली लवंग टोचलेली मिठाई, वाटली आणि ढाल नेऊन ठेवली ती पाणी पिण्याच्या जागेशी, म्हणजे येता-जाता आपण आनंदी असल्याची आठवण राहावी.

पूनमची गोष्ट सांगायलाच हवी. तिचे वडील गेले. तेरावं आटोपून ती शुक्रवारी कामावर आली आणि सवयीने नाही, विसरून, तिने खरा चेहरा दाबला. दुसऱ्या दिवशी शनिवार. शनिवारी सकाळी बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर आमचा हास्यतास असे. ताई पुढे उभ्या राहून "हा हा हा" म्हणत आणि आम्ही वीस माणसं हात वर करून तेच म्हणत असू. नावाडी नावा सोडून बघत बसायचे. त्या शनिवारी ताईंनी पूनमला पुढे, आपल्या शेजारी उभं केलं. "आज हिच्यासाठी हसायचं हं सगळ्यांनी." मणिकर्णिकेच्या चितांचा धूर तिथून स्पष्ट दिसतो. पोरीने वडिलांना तिथेच पोहोचवलं होतं. ती हसली. आम्हीही हसलो. हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा ताईंनी पदराने तिचे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बघ, हसता हसता डोळ्यांत पाणी आलं की नाही?" सोमवारी पूनमने हसरा चेहरा दाबला. त्यानंतर ती कधी विसरली नाही.

आता गोविंदभाऊ. ताई कशा होत्या हे मला खरं कळलं ते त्यांच्यापायी.

गोविंदभाऊ ब्रह्मा घाटावरच्या जुन्या मराठी घराण्यातले. चार पिढ्या काशीत, म्हणून मराठी फक्त घरात बोलायची, आणि तीही अशी की ऐकणाऱ्याला आधी हसू यावं आणि मग माया वाटावी. "मी त्यांना मनवतो", "शामला येतो", "तुम्ही चिंता नका करू, ते लोक मानून जातील". वय बावन्न, पोट पुढे, तोंडात पान, गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राची निळी फीत. त्यांच्याकडे घाटांचं काम होतं. नावाडी, माळी, चहावाले आणि सगळ्यांत कठीण ते छत्रीखाली बसून पूजा-श्राद्धं करवणारे पंडे, या सगळ्यांकडे आमचे फलक पोहोचले ते एकट्या गोविंदभाऊंमुळे. कोणाकडे आधी पान न्यायचं, कोणाच्या नातवाची चौकशी करायची, कोणाला दुसऱ्याच्या देखत विचारायचंच नाही, हे त्यांना पाठ होतं. आणि फलक लावून दिला की प्रत्येकाला दम भरायचे: "फोनवर नंबर येईल, ओटीपी, तो किसी को मत बताना. सगा भाई मांगे तब भी नहीं."

पुण्याच्या ताई येणार म्हटल्यावर सगळ्यांत जास्त आनंद त्यांना झाला होता. "आपल्या घरातलं माणूस येतंय," असं त्यांनी मला तीनदा सांगितलं. ताई नव्या आल्या त्या आठवड्यात इंदूवहिनींनी, म्हणजे भाऊंच्या पत्नीने, डब्यातून पुरणपोळ्या पाठवल्या. स्वतः आल्या नाहीत. वहिनींचा उजवा खुबा पार झिजला होता. तीन जिने वरचं घर, खाली दगडी गल्ली. दोन वर्षं त्या खाली उतरल्या नव्हत्या. गंगा खिडकीतून बघायच्या. मी सांगतोय त्या सुमारास खुबा बदलण्याचं ऑपरेशन कंपनीच्या विम्यातून होणार होतं. मीच ते कागद पाठवले होते, मंजुरी आली होती, पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली होती. गोविंदभाऊंची सगळी नोकरी त्या एका तारखेवर टांगलेली होती, आणि हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. ताईंनाही.

भानगड झाली ती डब्याच्या आवाजावरून. पंड्यांना फलक चालत होता, डब्याचं बोलणं चालत नव्हतं. दक्षिणा ही देणाऱ्याने मुठीत द्यायची आणि घेणाऱ्याने न बघता घ्यायची वस्तू. ती मंत्राच्या मध्येच डब्याने पुकारायची म्हणजे काय? गोविंदभाऊंनी उपाय काढला होता. प्रत्येक पंड्याच्या डब्याच्या तोंडावर त्यांनी चिकटपट्टीचे चार थर लावून दिले. डबा आतल्या आत पुटपुटायचा, सगळे सुखी.

मुंबईचे पाहुणे दाखवायला ताई पंचगंगा घाटावर गेल्या तेव्हा त्यांना ती पट्टी दिसली. आमच्या कंपनीचं म्हणणं असं की डबा बोलला तरच शेजारचा माणूस डबा घेतो. ताई पाहुण्यांसमोर काही बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "गोविंद बाळा, गुदमरतोय रे तो. काढ." तेव्हा तिथले पंडे मिसिरजी एका यजमानाकडून वडिलांचं श्राद्ध करवून घेत होते. गोविंदभाऊ म्हणाले, "ताई, यांचं होऊन जाऊ दे." ताई हसत उभ्याच राहिल्या. भाऊंनी खाली वाकून पट्टी सोलली. पिंड सोडून झाले, यजमानाने फोन पुढे केला आणि डबा गरजला, "इक्यावन रुपये प्राप्त हुए!" यजमानाच्या गळ्यात बोटाएवढी जाड सोन्याची साखळी, आणि दक्षिणा एक्कावन्न. शेजारच्या चार छत्र्यांखालून माना वळल्या. तो माणूस लालबुंद होऊन ओल्या धोतरानेच निघून गेला. मिसिरजींनी डबा उचलला आणि गोविंदभाऊंच्या पोटावर आपटला. "का हो गोविंद, ई डब्बा त पूरा घाट के सुना देत हौ! ले जा आपन डब्बा!"

ताईंनी सगळ्याच डब्यांच्या पट्ट्या काढायला लावल्या. आठवड्याच्या आत घाटावरचे पंडे एक झाले आणि सगळे डबे गोणीत भरून आमच्या जिन्यात आणून टाकले. महिनाअखेर जवळ आली होती. ताईंचा चेहरा हसराच होता, पण त्या दिवसांत लाडवांचा डबा बाहेर निघाला नाही.

मग बैठक झाली. आम्ही सगळे गोल बसलो होतो. ताई हिंदीत बोलल्या, दोष कोणाचा ते म्हणाल्या नाहीत, फक्त गोविंदभाऊंकडे बघत राहिल्या. मग मराठीत विचारलं, "आता काय करायचं रे बाळा?"

गोविंदभाऊंना वाटलं, घरातल्या माणसाने घरातल्या भाषेत विचारलं. ते उत्साहाने म्हणाले, "त्यात काय आहे ताई? मी राजीनामा देतो ना! आज शामपर्यंत लिहून आणून देतो. झगडा खतम."

ताईंनी विचारलं, "नक्की?"

"एकदम नक्की. राजीखुशीने."

बाकीच्यांना मराठी कळत नव्हती. मला दोन्ही भाषा कळत होत्या. इथे राजीनामा म्हणजे नोकरी सोडण्याचा अर्ज नव्हे. त्याला इथे इस्तीफा म्हणतात. राजीनामा म्हणजे समेट, दोन्ही बाजूंनी राजी होऊन सही केलेला कागद. बनारसला नवा होतो तेव्हा माझे घरमालक भावाशी कोर्टात भांडत होते. एक दिवस येऊन म्हणाले, राजीनामा हो गया, आणि मी तोंड पाडून विचारलं होतं, आता घर कसं चालणार? तेव्हा सगळी गल्ली मला हसली होती. गोविंदभाऊंच्या घरातल्या मराठीत हा शब्द बाहेरच्या हिंदीतून आलेला होता. पंड्यांशी समेट लिहून आणतो, एवढंच ते म्हणत होते.

बैठक मोडली, भाऊ घाटाकडे पळाले. ताईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. "गोविंदचा राजीनामा आजच नोंदव. आजची तारीख घाल."

मी सांगितलं. माझ्या बाजूने एवढंच सांगण्यासारखं आहे की मी सांगितलं. इकडे या शब्दाचा अर्थ असा असा आहे, त्यांना नोकरी सोडायची नाही, पुढच्या महिन्यात वहिनींचं ऑपरेशन आहे.

ताईंनी कपाटातून लाडवांचा डबा काढला. किती तरी दिवसांनी. "अरे बाळा, तो मराठी माणूस आहे. मराठीत बोलला. चार पिढ्या जपलेली भाषा आहे त्याची. तिला चूक म्हणणारे तू आणि मी कोण?" मग लाडू माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "मुंबईला कोणाचं तरी एक नाव द्यायचंच आहे मला. तुझंही चालेल."

कोणी विचारलं तर मी म्हणतो की मला घर होतं, आईची औषधं होती. खरी गोष्ट अशी की मी घाबरलो, आणि मी लाडू खाल्ला.

आमच्या यंत्रणेत नोंद पक्की व्हायला त्या कर्मचाऱ्याच्या फोनवर एक नंबर जातो. चार वाजता मी फोन लावला. मागे घाटाचा गलका, भाऊ धापा टाकत होते. "बोला बोला, मिसिरजी मानून गेले, आता बाकीच्यांच्या सह्या घेतोय." मी म्हणालो, "भाऊ, तुमच्या राजीनाम्याची नोंद करतोय. एक नंबर आला असेल, तेवढा सांगा." इंग्रजी संदेश त्यांनी वाचला नाही. साऱ्या घाटाला सख्ख्या भावालाही नंबर सांगू नका म्हणून बजावणाऱ्या माणसाने सहाच्या सहा आकडे मला सावकाश, एकेक करून मराठीत सांगितले. पाच... नऊ... नऊ... वर विचारलं, "लिहून घेतलेत ना नीट?"

संध्याकाळी ते आले. हातात कागद, वर मोठ्या अक्षरांत 'राजीनामा', खाली कंपनी डब्यांवर पट्टी राहू देईल आणि पंडे डबे परत घेतील असा मजकूर, आणि झाडून सगळ्या पंड्यांच्या सह्या. ताईंनी तो उभ्याने वाचला. "किती सुंदर काम केलंस रे," म्हणाल्या आणि कागद फाईलला लावला. दुसऱ्या दिवसापासून डबे घाटावर परत गेले. पट्ट्यांसकट. महिन्याचा आकडा वर आला, मुंबईने ताईंचं अभिनंदन केलं.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी गोविंदभाऊंच्या फोनवर हजेरी उघडेना. ते माझ्याकडे आले, "मशीन खराब झालंय का बघा जरा." मी त्यांच्याकडे न बघता सांगितलं. त्यांना समजायला वेळ लागला. मग ते केबिनमध्ये गेले. दार उघडंच राहिलं, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं. "ताई, मला राजीनामा म्हणायचं होतं, राजीनामा नव्हे." मराठी न कळणारे एक-दोघं, तोच शब्द दोनदा ऐकून, हसले सुद्धा. "चूक माझी आहे. माझी मराठी कच्ची आहे. फक्त एक महिना ठेवा. ऑपरेशन होऊन जाऊ दे, मग मी खुद्द लिहून देतो, तुमचा वाला."

"विमा चालू राहावा म्हणून कंपनीशी खोटं बोलायचं?" ताईंच्या आवाजात दुःख होतं, आणि ते खोटं नव्हतं. हेच मला त्यांच्यात सर्वांत भयंकर वाटत आलंय. "आणि वहिनींना ते आवडेल का? खोट्या पैशाच्या पायावर चालणं?"

निघताना भाऊंना ठरलेला शेवटचा अर्ज भरावा लागला. त्यातही ते पाच चेहरे असतात. परत घेतील या आशेने त्यांनी हसरा दाबला. ताईंनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "बघ. राजीखुशीनेच गेला."

पावसाळा सरता सरता ताईंना बढती मिळाली, मुंबईत मोठी जागा. जायच्या दोन दिवस आधी म्हणाल्या, "आईने गंगेचे गडू मागितलेत. तांब्याचे, सीलबंद. गोविंदच्या घरी चांगले मिळतात, चल." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण त्या खरोखरच निघाल्या. त्यांच्या लेखी कोणाचं काही बिघडलंच नव्हतं. मी पिशवी घेऊन त्यांच्या मागे ब्रह्मा घाटाच्या गल्लीत शिरलो, तीन जिने चढलो.

दार इंदूवहिनींनी उघडलं. एका हाताने भिंत धरलेली. ताईंचं नाव ऐकलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला की मी खाली बघितलं. "अगंबाई, पुण्याच्या ताई! बसा ना. हे सकाळीच ऑफिसला गेले, भेटले नाहीत का? रोज तुमच्याबद्दल बोलतात. ताईंनी फाईल आगे पाठवलीय, ताई बघतायत. माझ्यामुळे तुम्हाला किती तकलीफ."

भाऊंनी नोकरी गेल्याचं घरात सांगितलंच नव्हतं; ऑपरेशन पुढे गेलंय, एवढंच सांगितलं होतं. रोज सकाळी निघत होते आणि मिसिरजींच्या छत्रीखाली दर्भ, तीळ, पिंड मांडायचं काम करत होते. गल्लीला ठाऊक होतं, पण तीन जिने वर जाऊन ते कोणी बोललं नव्हतं.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. कोणीतरी खाली सांगितलं असणार. गोविंदभाऊ दारात उभे होते, घामाने भिजलेले, गळ्यात ती निळी फीत. त्यांनी बायकोच्या पाठीमागे ताईंना हात जोडले. नुसते हात जोडून उभे राहिले.

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि काय ते त्या समजल्या. मान किंचित हलवली. मग वहिनींचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "होणार हं, नक्की होणार. फाईल माझ्याच टेबलावर आहे."

"एक तारीख सांगाल तर मन धीराने राहील बघा." वहिनी भिंत धरत धरत गेल्या आणि खिळ्यावरचं मराठी कॅलेंडर काढून घेऊन आल्या, सोबत पेन. "तुम्हीच खूण करा. तुमच्या हाताने."

मी भाऊंकडे बघितलं. त्यांचे हात अजून जोडलेलेच होते आणि त्यांच्या तोंडावर ताईंबद्दल कृतज्ञता होती. खरीखुरी. तिथे ओरडावं असं मला वाटलं, आणि मी वहिनींनी काढून दिलेले दोन गडू पिशवीत नीट उभे करत बसलो.

ताईंनी चष्मा लावला, पान उलटलं, दिवाळीनंतरच्या एका तारखेवर पेन टेकवलं आणि थांबल्या.

"अगं, त्या दिवशी एकादशी आहे," त्या म्हणाल्या. "उपाशीपोटी नको बाई. दुसऱ्या दिवसाची धरू." आणि त्यांनी दुसऱ्या दिवसाभोवती छान गोल काढून दिला.